चिनी पोरं फार्मसीलाच का? (तिकडच्या धाग्यावरून पुढे)

गोळ्यांचीडबी, सॅक्रामेंटो

नमस्कार मंडळी. तिकडे "बारावीनंतर अमेरिकेत काय" या धाग्यावर एका आयडीनं लिहिलंय की अमेरिकेतली फार्मसी कॉलेजं चिन्यांनी भरलीयत, त्यांचे आईबाप लहानपणापासून मारूनमुटकून अभ्यासाला बसवतात, आपल्या पोरांचा तिथे निभाव लागणार नाही वगैरे. उत्तर द्यायला घेतलं तर पानभर झालं, म्हणून वेगळा धागा. संपादकांना वाटलं तर हलवावा.

आधी मी कोण ते. पुण्यातून २००५ ला बी.फार्म., मग लग्न, डिपेंडंट व्हिसा, आणि इथे आल्यावर कळलं की १ जानेवारी २००३ नंतर पास झालेल्याला परदेशी फार्मसिस्टांच्या परीक्षेला (एफपीजीईई) बसायचं तर निदान पाच वर्षांचा कोर्स झालेला पाहिजे. आपला चारचा. म्हणजे डिग्री फ्रेम करून भिंतीला लावायची आणि पोळ्या लाटायच्या. दोन वर्षं रडून झाल्यावर पहिल्यापासून फार्मडी (फार्मसिस्ट व्हायची इथली पदवी) करायचं ठरवलं, २०१० ते २०१४, कॅलिफोर्नियातच, कॉलेजचं नाव घेत नाही. वर्गात मी सगळ्यात म्हातारी, वय वर्षं अठ्ठावीस, आणि आजूबाजूला निम्म्याहून जास्त चेहरे एशियन. त्यातले चायनीज किती हे मला पहिला महिनाभर कळलंच नाही, कारण मी सगळ्यांनाच चिनी समजत होते, व्हिएतनामी, कोरियन, मोंग (लाओसकडचे) सगळे. (हसू नका, ते पण मला बराच काळ पाकिस्तानी समजत होते.)

माझी लॅब पार्टनर मात्र चिनीच. तिला इथे पार्टनर म्हणते. तिचे आईवडील दक्षिण चीनमधल्या तायशानकडचे, सॅक्रामेंटोत छोटं टेकअवे चालवायचे, आई त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोत शिलाईच्या कारखान्यात होती. जुने कँटोनीज लोक सॅन फ्रान्सिस्कोला दाइ फौ म्हणजे मोठं शहर म्हणतात आणि सॅक्रामेंटोला यी फौ, दोन नंबरचं शहर. सोन्याच्या गर्दीच्या वेळेपासूनची नावं आहेत ही, मला फार आवडतात, आपल्याकडच्या बुद्रुक आणि खुर्दसारखी.

तर मुद्दा. मी पण आधी हेच समजत होते की हिला घरच्यांनी ढकललंय. एकदा विचारलं सुद्धा. ती म्हणाली, "माझ्या आईला फार्मसी स्कूल किती वर्षांचं असतं हे पण माहीत नाही, ती कशी ढकलणार?"

खरी गोष्ट मला दुसऱ्या वर्षी कळली, रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या लेक्चरला. वॉरफरिन. सर वनस्पतींबरोबरच्या इंटरॲक्शनची यादी वाचत होते, त्यात दांगग्वेई आलं, इंग्रजीत डाँग क्वाय म्हणतात, चिनी बायका सूपमध्ये घालतात ती मुळी. वॉरफरिनवर असलेल्या माणसानं ती खाल्ली तर रक्तस्राव वाढू शकतो. पार्टनर उठून बाहेर गेली. मला वाटलं बाथरूमला. पंधरा मिनिटं आली नाही म्हणून मागे गेले तर व्हेंडिंग मशीनपाशी उभी, हातात डॉलरची नोट, मशीन ती नोट परत बाहेर फेकतंय आणि ही पुन्हा पुन्हा आत सारतेय.

ती आठ वर्षांची असताना आजीच्या गोळ्यांच्या बाटल्या तीच वाचून दाखवायची. घरात इंग्रजी येणारी तीच. बाटलीवर काय लिहिलंय हे तायशानी बोलीत सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते, तिनं आपल्या मतीनं सांगितलं की यानं रक्त पातळ होतं. आजीच्या हिशोबात पातळ रक्त म्हणजे अशक्तपणा. आणि रक्त भरायला काय घेतात? दांगग्वेई. म्हणून आजीनं सूप वाढवलं, रोज. महिन्याभरात नाकातून रक्त थांबेना म्हणून हॉस्पिटल. वाचली आजी, नंतर बरीच वर्षं जगली. पण डॉक्टरांनी काय झालं हे नीट सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि आठ वर्षांच्या पोरीनंच त्याचंही भाषांतर केलं असेल. सूपाचा संबंध तिला त्या दिवशी वर्गात लागला.

आपण पण "रक्त पातळ व्हायची गोळी" असंच म्हणतो की नाही? माझ्या सासऱ्यांना मी तेच सांगत होते. त्या दिवसानंतर "गुठळी होऊ नये म्हणून" असं सांगते.

बाकी लिहीन, पोरीला पोहायला सोडायचंय.

निगरगट्ट, डोंबिवली

वाचतोय. पण एका उदाहरणावरून काय होतं. आकडे द्या. चिनी किती, भारतीय किती.

मोरपंखी

बाप रे, व्हेंडिंग मशीन. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

गोळ्यांचीडबी, सॅक्रामेंटो

@निगरगट्ट, आकड्यांचीच तर गंमत आहे. अमेरिकेच्या लोकसंख्येत एशियन साधारण ६-७ टक्के, आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांत त्याच्या तिपटीहून जास्त. कॅलिफोर्नियात तर कित्येक कॉलेजांत निम्मे. हे सगळे "एशियन" या एका चौकटीत. त्यातच मी, त्यातच पार्टनर, त्यातच फ्रेस्नोच्या शेतमजूर मोंग कुटुंबातला मुलगा ज्याच्या अख्ख्या खानदानात पहिला पदवीधर तोच. आणि चीनमधून स्टुडंट व्हिसावर आलेला जो असतो तो परत या चौकटीत नाहीच, तो "परदेशी" या वेगळ्या रकान्यात. त्यामुळे चिनी किती असं कुणी विचारलं की छापील तक्त्यात उत्तर सापडत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये फेडरल सरकारनं नियम बदलले, आता एशियनच्या पोटात चायनीज, एशियन इंडियन, फिलिपिनो, व्हिएतनामी, कोरियन, जपानी असं वेगळं विचारायचं ठरलंय. बघू कधी झिरपतं ते खालपर्यंत.

याचा परिणाम काय होतो तर, एशियन भरपूर आहेत म्हणजे त्यांचं प्रतिनिधित्व झालेलंच आहे, त्यांना काय विचारायचं, असं सगळे धरून चालतात. आम्हाला कल्चरल कॉम्पिटन्स, म्हणजे वेगवेगळ्या समाजांच्या पेशंटशी कसं वागायचं, म्हणून एक लेक्चर होतं. त्यात चायनीज पेशंटवर एक स्लाइड. एकच. ते डोळ्याला डोळा भिडवत नाहीत, निर्णय घरातला मोठा माणूस घेतो, गरम आणि थंड यावर विश्वास, चार आकडा अशुभ कारण त्यांच्या भाषेत चार आणि मरण यांचा उच्चार जवळजवळ सारखा. वर्गात तीसेक चिनी वंशाची पोरं बसलेली, एकालाही ती स्लाइड आधी दाखवलेली नव्हती. पार्टनर माझ्या कानात म्हणाली, "माझी आजी दिवसातून चार वेळा अँटिबायोटिक घेते, म्हणजे रोज चारदा मरते का?" आम्हाला दोघींना हसू आवरेना आणि सरांनी नेमकं बघितलं आणि तिलाच उभं केलं, की तू सांग, तुमच्याकडे कसं असतं.

तुमच्याकडे. ती जन्मली सॅक्रामेंटोत.

नंतर रोटेशनला, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकायला पाठवतात तेव्हा, याचा पुढचा भाग झाला. काउंटरवर एक चिनी आजोबा, मॅनेजरनं हिला हाक मारली, चायनीज आहे, बोल त्यांच्याशी. आजोबा फुजियानचे, फूचौची बोली, आणि थोडी मँडरिन. हिला तायशानी आणि कँटोनीज, मँडरिन शून्य. दोघं एकमेकांकडे बघून नुसते माना डोलावतायत. शेवटी फोनवरचा दुभाषी लावला आणि मॅनेजर हिच्यावर वैतागला, जशी काही तिनं बायोडेटात थाप मारली होती. माझ्यावर पण हीच पाळी यायची म्हणा. इथून तासाभरावर युबा सिटी आहे, पंजाब्यांचं जुनं गाव, तिकडचे सरदारजी आजोबा आले की मला पुढे करायचे, आणि मी दूरदर्शनवर शिकलेल्या हिंदीत "बाबाजी, यह गोली खाने के बाद". बाबाजी पंजाबीत काय बोलायचे देव जाणे.

ओसाडवाडी, पोर्टलंड

अवांतर आहे पण राहवत नाही. आमच्या ओरेगनमध्ये पूर्वेला जॉन डे म्हणून एवढंसं गाव आहे, तिथे काम वा चुंग नावाचं म्युझियम, जमलं तर बघाच. "इंग हे" नावाचा चिनी वैद्य तिथे १८८० च्या दशकाच्या शेवटापासून १९४८ पर्यंत औषधं द्यायचा, भागीदार लुंग ऑन दुकान सांभाळायचा. आत पाचशेच्या वर जडीबुटी जशाच्या तशा डब्यांत आहेत, दिव्याच्या धुरानं भिंती काळ्या झाल्यात. लक्षात घ्या की हा काळ चिन्यांना देशात यायला बंदी करणाऱ्या १८८२ च्या कायद्याचा, तो कायदा उठला १९४३ ला. आणि तरी गोरे गुराखी घोड्यावरून लांबून याच्याकडेच यायचे. लायसन्स नाही म्हणून खटले भरले, पण ज्युरीतले लोकच त्याचे पेशंट, शिक्षा कोण करणार. मेल्यावर पलंगाखाली न वटवलेले चेक सापडले, २३ हजार डॉलरच्या वर. गरिबांचे चेक त्यानं बँकेत टाकलेच नव्हते म्हणतात.

सांगायचं काय, तर अमेरिकेत चिनी माणसानं औषध देणं हे काही १९६५ ला व्हिसाचे नियम सैल झाल्यावर आलेल्यांनी आणलेलं नाही.

निगरगट्ट, डोंबिवली

हे भारी आहे. पण मूळ प्रश्न राहिला की. आईबाप ढकलतात की नाही?

एडिसनचे_अण्णा, न्यू जर्सी

मी सांगतो ढकलतात. मी पण ढकललं, लपवत कशाला.

आमच्याकडे रटगर्सला बारावीनंतर थेट सहा वर्षांचा फार्मडी आहे, दोन वर्षं तयारी आणि चार वर्षं फार्मसी, एकदा आत गेलं आणि मार्क टिकवले की पुन्हा प्रवेशाची मारामारी नाही. क्वीन्सला सेंट जॉन्सकडे पण तसंच. सतराव्या वर्षी पोरीचं सगळं ठरलं म्हणजे आईबापांना काय हायसं वाटतं ते ज्यानं बेसमेंटमध्ये भाड्यानं राहून दिवस काढलेत त्यालाच कळेल. माझी थोरली गेली २०१६ ला. ओरिएंटेशनच्या दिवशी पार्किंगमध्ये बघितलं तर निम्मे गुज्जू, निम्मे चिनी, आणि मधे मी एकटा कोल्हापुरी. शेजारी एक चिनी गृहस्थ होते, ब्रुकलिनच्या आठव्या ॲव्हेन्यूवर मासे विकतात, इंग्रजी तोडकंमोडकं. त्यांना विचारलं फार्मसीच का. त्यांनी स्वतःचे हात दाखवले. बर्फात हात घालून घालून बोटांची सालटी निघालेली. म्हणाले, इनसाइड जॉब. वॉर्म. मग थोडं थांबून, नो ब्लड.

आता हे ढकलणं म्हणायचं का काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. डॉक्टर व्हायला अकरा वर्षं, त्यात पोरगी तिशीला येणार, कर्ज वेगळं. फार्मसी म्हणजे पांढरा कोट पण मिळाला आणि लवकर सुटका. हिशोब चुकला तो पुढे. आम्ही घातलं तेव्हा ऐकून होतो की फार्मसिस्ट मिळत नाहीत, साइनिंग बोनस देतात. ते होतं २००० च्या आसपास. तेव्हा देशात ऐंशीएक कॉलेजं होती, वीस वर्षांत एकशे चाळीसच्या वर गेली, आपल्याकडे इंजिनीअरिंगचं झालं तसंच. पगार वाईट नाही, २०२३ चा सरकारी आकडा वर्षाला १ लाख ३६ हजार डॉलरच्या आसपास, पण डोक्यावर कर्ज दीड लाखाच्या वर घेऊन बाहेर पडतात पोरं, आणि साखळी दुकानात बारा बारा तास उभं राहायचं, फोन, लसी, ड्राइव्ह-थ्रू सगळं एकट्यानं. २०२३ ला तर फार्मसिस्ट काम टाकून बाहेर पडले, पेपरात आलं होतं. राइट एड ही औषधदुकानांची साखळी तर २०२५ ला पूर्ण बंद झाली. आता अर्जच येत नाहीत, कॉलेजं पोरांना शोधत फिरतायत, पीसॅट नावाची प्रवेशपरीक्षा होती ती पण २०२४ मध्ये गुंडाळली.

मासेवाल्या साहेबांचा मुलगा माझ्या पोरीच्या वर्गात होता. तिसऱ्या वर्षी सोडून कॉम्प्युटरला गेला. वडील दीड वर्ष त्याच्याशी बोलले नाहीत. पैसे मात्र दर महिन्याला पाठवत होते, आईच्या खात्यातून.

मोरपंखी

पैसे आईच्या खात्यातून 😭 आमचे बाबा.

शांघायचा_पोपट

मी २०११ पासून इकडे, औषध कंपनीत, त्यामुळे दोन पैसे टाकतो. एक गैरसमज दूर करा. फार्मसिस्ट होणं ही खुद्द चीनमधल्या आईबापांची स्वप्नं बिप्नं नाहीत. इकडे औषध बहुतेक हॉस्पिटलच्याच खिडकीतून मिळतं, खिडकीमागच्या माणसाला लोक डॉक्टरच्या लायनीत धरत नाहीत, आपल्याकडे "मेडिकलवाला" म्हणतात तसंच. नानजिंग आणि शेनयांगला मोठी औषधशास्त्र विद्यापीठं आहेत पण तिथून निघालेली हुशार पोरं कंपनीत नाहीतर संशोधनाला जातात. पांढऱ्या कोटाचं फार्मसीचं स्वप्न हे समुद्र ओलांडल्यावर तयार झालेलं आहे. अमेरिकन चिन्यांचं. ऑस्ट्रेलियातही तसंच ऐकतो.

अपेक्षा मात्र आहेत, भरपूर, आणि त्याला शब्द पण भारी भारी. लोखंडी भातवाटी, म्हणजे न फुटणारी नोकरी, आपली सरकारी. मुलगा ड्रॅगन व्हावा ही इच्छा. आणि माझा आवडता, "दुसऱ्यांच्या घरचं पोर". म्हणजे शेजारच्या जोशींचा मन्या, ज्याला ९४ टक्के पडले तो. सगळ्या जगात आहे तो नालायक.

आणि फार्मसी म्हटलं की थु योयो विसरू नका. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधलं त्या बाई फार्मसीच्याच पदवीधर, बीजिंग, १९५५. पीएचडी नाही, परदेशात शिक्षण नाही, अकादमीचं सदस्यत्व नाही, इकडे त्यांना "तीन नाही" म्हणतात. २०१५ चं नोबेल. वनस्पती उकळून अर्क काढला तर गुण येत नव्हता, मग सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका हस्तपुस्तिकेत वाचलं की छिंगहाओ (तीच वनस्पती) पाण्यात भिजवून पिळून रस घ्यावा, आणि डोक्यात आलं की उष्णतेनं वाया जात असेल, मग कमी तापमानाला ईथर वापरला. पण लोक हे सांगताना एक गोष्ट गाळतात. १९६९ ला त्या कामाला लागल्या तेव्हा नवरा खेड्यात पाठवलेला, थोरली मुलगी पाळणाघरात, धाकटी आजीआजोबांकडे निंगबोला. धाकटी कितीतरी वर्षांनी आईला भेटली तर ओळखेना. कुटुंबाच्या अपेक्षा वगैरे जो विषय आहे त्यात ही पण एक बाजू आहे, की देशाच्या अपेक्षेपुढे कुटुंब गेलं कुठल्या कुठे.

अजून एक, छन ख-खुई. विस्कॉन्सिनला १९२० च्या आधीच फार्मसी शिकायला गेलेला चिनी मुलगा. तिथल्या प्राध्यापकानं त्याच्यासाठी चिनी दालचिनीची पानं पाचशे पौंड मागवली होती तेल काढायला! पीएचडी झाली आणि १९२३ ला आई आजारी म्हणून सगळं सोडून परत. आता बघा, आईसाठी परत आला म्हणून बीजिंगला नोकरी धरली, आणि तिथे घरातल्याच एका वडीलधाऱ्या नातेवाइकानं माहुआंग या चिनी औषधी वनस्पतीबद्दल सांगितलं, त्यातून एफेड्रिनचं काम झालं. दम्याला जगभर वापरलं गेलं ते. पुढे अमेरिकेत परत जाऊन एली लिलीत औषधशास्त्राच्या संशोधनाचा प्रमुख.

निगरगट्ट, डोंबिवली

म्हणजे आईचं ऐकावं 😀

शांघायचा_पोपट

आई आजारी असेल तर.

बॉस्टनची_थंडी

मी आत्ता शिकतेय म्हणून लिहिते. भारतातली सहा वर्षांची फार्मडी २००८ ला सुरू झाली त्यामुळे डबीताईंसारखं आमचं अडत नाही, पण मी इथे मास्टर्सला आलेय, फार्मडीवाल्यांबरोबर काही विषय कॉमन असतात. माझ्या ग्रुपमध्ये दोन चिनी मुली, एक इथेच वाढलेली आणि एक चेंगडूहून आलेली, आणि दोघींचं एकमेकींशी अजिबात जमत नाही, आणि सगळे प्रोफेसर त्यांना मुद्दाम एका ग्रुपमध्ये घालतात, की तुम्हाला सोपं जाईल. काय सोपं जाईल?? इथली आहे ती मँडरिन शनिवारच्या शाळेत शिकली आणि विसरली, तिला भीती की आपल्याला पण फ्रेश ऑफ द बोट, म्हणजे नुकतीच बाहेरून आलेली, समजतील. चेंगडूची तिला म्हणते केळं, बाहेरून पिवळी आतून पांढरी.

चेंगडूची मुलगी लेखी परीक्षेत वर्गात पहिली असते, पण पेशंट काउन्सेलिंगची प्रॅक्टिकल असते ना, समोर ॲक्टर पेशंट बसवतात आणि कॅमेरा लावतात, त्यात तिला दर वेळी "आत्मविश्वास कमी" म्हणून मार्क कापतात. ती हळू बोलते हो. तिच्या घरी मोठ्यांशी हळूच बोलतात आणि ॲक्टर सत्तर वर्षांचे आजोबा होते. तिनं आरशासमोर मोठ्यानं बोलायची प्रॅक्टिस केली, रूममेटनं तक्रार केली. आता ती लाँड्रीरूममध्ये मशीन चालू असताना करते. मी एकदा खाली गेले तर ड्रायरला इन्हेलर कसा ओढायचा ते समजावून सांगत होती, दहा सेकंद श्वास रोखा सर.

घरची अपेक्षा म्हणाल तर तिची एकच भीती आहे, एकुलती एक आहे, आईबाबा आणि दोन्हीकडचे आजीआजोबा मिळून सहा जण, सगळ्यांनी मिळून फी भरलीय. सहा माणसांची एक मुलगी.

एडिसनचे_अण्णा, न्यू जर्सी

ड्रायरला इन्हेलर!! पास होणार ती पोरगी, लिहून ठेवा.

तिसरी_घंटा

सॉरी पण सगळे फारच हळवे झालेत म्हणून जरा खारट बोलते. मी हॉस्पिटल फार्मसीत १८ वर्षं आहे, टेक्सास. खाली काउंटरवर, आयव्ही रूममध्ये (सलाइनमधली औषधं बनवतात तिथे), रात्रपाळीला एशियन भरपूर. डायरेक्टरच्या मीटिंगला गेलं की एकही नाही म्हणजे नाही. आमच्याकडे चायनीज फार्मसिस्ट सहा, त्यातल्या एकीनं पण मॅनेजरच्या पोस्टला अर्ज केला नाही. मी तिघींना विचारलं. एक म्हणाली मला भांडता येत नाही, एक म्हणाली विचारतील तेव्हा बघू, आणि तिसरी म्हणाली आई म्हणते दिसू नकोस, काम कर. "दिसू नकोस" हे मला माझ्या आईनं पण सांगितलंय, शब्द वेगळे, "पुढे पुढे करू नये". तर नुसतं कॉलेजवाल्यांच्या नावानं खडे फोडू नका, हे बाळकडू घरून पण येतं. १९६६ पासून अमेरिकेतले पेपर सांगतायत की हे एशियन बघा कसे गपगुमान कष्ट करून वर आले, आणि ते सांगायचं इतरांना टोमणा म्हणून, आणि आपण पण ते सर्टिफिकेट मिरवतो.

गोळ्यांचीडबी, सॅक्रामेंटो

@तिसरी_घंटा, पटलं. पुढे पुढे करू नये हे आमच्या सदाशिव पेठेतल्या आजीच्या तोंडचं वाक्य.

आपल्या धाग्यावरचं राहिलेलं एक सांगते आणि मग पार्टनर आता काय करते ते पण, कारण व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) तिघांनी विचारलंय.

व्हाइट कोट सेरेमनी म्हणून असते पहिल्या वर्षी. नाव पुकारतात, स्टेजवर जायचं, कोट घालतात. शुक्रवारची संध्याकाळ होती, म्हणजे टेकअवेला ऐन गर्दीची वेळ, आई दुकानात थांबली आणि वडील एकटे आले, धुतलेला शर्ट पण अंगाला फोडणीचा वास, माझ्या नवऱ्याच्या शेजारी बसले होते. कॅमेरा पहिल्या नावापासून डोळ्याला लावलेला. आणि पुकारणाऱ्या बाईंनी तिचं नाव असं काही उच्चारलं की आईबापांनी ठेवलेलं ते हेच नाव हे कुणाला कळू नये. वडील कॅमेरा लावून वाट बघत राहिले. ही स्टेजवर जाऊन, कोट घालून, हात मिळवून खाली उतरायला लागली तेव्हा त्यांना चालण्यावरून ओळख पटली, आणि त्यांनी घाईघाईत काढला तो फोटो पाठीचा. पांढरा कोट, केसांचा बो, आणि पाठ. माझं पण नाव मोडूनतोडूनच घेतलं, पण माझ्या नवऱ्याला आधीच माहीत होतं की आपल्या नावाचं इथे काय होतं, तो तिसऱ्या आवाजालाच उठून उभा राहिला होता.

तो पाठीचा फोटो त्यांनी मोठा करून गल्ल्याच्या मागे लावला, हात हलवणाऱ्या सोनेरी मांजराच्या वर, आरोग्य खात्याच्या सर्टिफिकेटशेजारी. अजून आहे. गिऱ्हाईक विचारतं कोण, तर म्हणतात, डॉटर, फार्मसिस्ट.

आता. २०१४ ला ती पास झाली, नॅपलेक्स (लायसन्सची देशभरची परीक्षा) आणि कॅलिफोर्नियाची कायद्याची परीक्षा पहिल्या फटक्यात, साखळी दुकानात लागली. इथे २०१६ पासून नियम आहे की पेशंटनं मागितलं तर गोळी कशी घ्यायची ते भाषांतर करून द्यायचं, राज्याच्या फार्मसी बोर्डानं चायनीज, कोरियन, रशियन, स्पॅनिश, व्हिएतनामी अशा पाच भाषांत वाक्यं तयार करून ठेवलीत. ती म्हणायची, हा कागद वीस वर्षं आधी असता तर मी बहुतेक चित्रकार झाले असते. मी हसले. ती हसली नव्हती, हे मला नंतर लक्षात आलं.

२०२१ मध्ये, कोविडच्या लसींची रांग दाराबाहेर, त्यात बाहेर एशियन दिसलं की लोक काहीबाही बोलायचे, तिला पार्किंगमध्ये एकानं थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, तिनं नोकरी सोडली. घरी सांगितलं नाही. चार महिने रोज कोट गाडीत टाकून निघायची आणि आमच्याकडे येऊन बसायची, माझ्या मुलीबरोबर चित्रं काढायची. मी म्हणत होते सांग, सांग. शेवटी दुकानात एक जुनं गिऱ्हाईकच बोललं, तुमची मुलगी दिसत नाही हल्ली काउंटरवर. त्या रात्री आईचा फोन आला तेव्हा ती आमच्याच स्वयंपाकघरात होती, मला तायशानी कळत नाही, पण आईनं फक्त एक वाक्य विचारलं आणि ही ओट्याला टेकून खाली बसली. मी विचारलं काय म्हणाल्या.

"लायसन्स चालू आहे ना?"

चालू होतं. दर दोन वर्षांनी तीस तासांचे कोर्स करून रिन्यू करावं लागतं, ते तिनं त्या चार महिन्यांत आमच्या डायनिंग टेबलावर बसून केलं होतं. आता एका क्लिनिकमध्ये आठवड्याला तीन दिवस असते, वॉरफरिनच्या पेशंटचीच क्लिनिक. बाकीचे दिवस चित्रं.

एडिसनचे_अण्णा, न्यू जर्सी

अहो, सरकारी नोकरीत लीन असतं, म्हणजे जुन्या जागेवरचा हक्क राखून जायचं. १९९८ ला मी झेडपीची मास्तरकी सोडून अमेरिकेला निघालो तेव्हा आमचे वडील एअरपोर्टवर, गळ्यात हार, डोळ्यांत पाणी, आणि कानात विचारतायत, "लीन ठेवलंयस ना रे?"